कॅमेरा घेण्याआधी रिजेक्शन रजिस्टर उघडा

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशिनशॉपमध्ये क्वालिटी बघतो. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, लेथवर चढतं, मग आमच्या टेबलावर त्याला व्हर्नियर लागतो. नापास झालेल्या प्रत्येक जॉबची रजिस्टरला नोंद होते: ब्लो होल (ओतकामातली हवेची पोकळी), साइज कमी, फिनिश खराब. महिनाअखेरीला ते रजिस्टर चाळलं की मशिन बदलायचं, टूल बदलायचं का ऑपरेटरशी दोन शब्द बोलायचे, हे आपोआप कळतं.

हीच अक्कल फोटोग्राफीत वापरायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी रात्री जागून कॅमेऱ्यांची तुलना करणारे व्हिडिओ बघत होतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभरेक वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्याच गावात मी ‘कुठला विकत घेऊ’ यावर आठ महिने घालवले. मला कुणी शिकवलं नाही, क्लास लावला नाही. जे उशिरा उमगलं ते पायरीपायरीनं सांगतो.

पहिली पायरी : फोन आणि एकच जागा

तीन महिने फोनवरच काढा. फोनच्या कॅमेऱ्यात रेघांची जाळी सुरू करा, दोन बोटांनी झूम करायची सवय सोडा आणि एक जागा ठरवा. मी रंकाळा धरला. चौपाटीवरनं तलावातला दगडी संध्यामठ दिसेल अशी एक जागा निवडली आणि आठवड्यातनं दोनदा तिथंच जाऊन उभा राहिलो.

पहिले चार-पाच फोटो सगळ्यांचे येतात तसेच आले: लाल सूर्य, काळा मठ. मग कंटाळा आला, आणि शिकायला सुरुवात झाली ती त्या कंटाळ्यातनंच. सूर्य मावळला की लोक भेळेच्या गाड्यांकडं वळतात. त्यानंतर वीसेक मिनिटं पाणी निळं होतं, दिवे लागतात आणि मठाच्या दगडांतल्या कडा पहिल्यांदा दिसायला लागतात. सूर्य समोर असताना त्या दिसणं शक्यच नव्हतं. स्क्रीनवर मठावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथं लॉक होतो, मग बोट खाली ओढून फोटो थोडा काळोखा करायचा. हे एवढं जमलं तरी तुमचे फोटो शेजाऱ्यापेक्षा वेगळे दिसू लागतील.

खरं तर कोल्हापूरकराला उजेडाचा कोन वेगळा शिकवायला नको. अंबाबाईच्या किरणोत्सवाला, नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन आज पायांपर्यंत, उद्या छातीपर्यंत, परवा मुखापर्यंत जातात की नाही याची अख्खं गाव वाट बघतं. ढग आला तर हळहळतं. तीच नजर घरच्या खिडकीकडं वळवा, बास. खिडकीतनं येणारा उन्हाचा कवडसा महिन्याभरात कुठल्या फरशीवरनं कुठल्या फरशीवर सरकला, ते बघा.

दुसरी पायरी : नापासांची नोंद

एक दोनशे पानी वही घ्या. फसलेला फोटो डिलीट करण्याआधी का फसला ते एका शब्दात लिहा. माझे रकाने असे होते: हललं, अंधार, लांब, फोकस चुकला, मागं कचरा. ‘मागं कचरा’ म्हणजे माणसाच्या डोक्यातनं विजेचा खांब उगवलेला, नाहीतर कोपऱ्यात कुणाची तरी अर्धी स्कूटर.

दोन महिन्यांनी बेरीज केली. ‘मागं कचरा’ सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल ‘हललं’. ‘लांब’ फक्त चार वेळा. आणि मी पैसे साठवत होतो कशासाठी, तर लांबचं जवळ आणणाऱ्या मोठ्या झूम लेन्ससाठी!

आता हे रजिस्टर वाचायचं कसं? ‘मागं कचरा’ वर पैसे खर्चून उपाय नाही, दोन पावलं डावीकडं सरका. ‘फोकस चुकला’ बहुतेक वेळा हाताचा दोष असतो. ‘हललं’ आणि ‘अंधार’ एकत्र वाढत असतील तर मात्र फोन खरोखर कमी पडतोय, आणि तुम्हाला मोठा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) आणि जास्त उजेड घेणारी लेन्स लागणार आहे. ‘लांब’ हा रकाना भरत असेल, म्हणजे कळंबा तलावावरचे पक्षी किंवा मैदानातली कुस्ती गॅलरीतनं टिपायची असेल, तरच लांब पल्ल्याची लेन्स.

तिसरी पायरी : तीन चाव्या, एका तालमीत

शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांवर हजार व्हिडिओ आहेत. मला ते तिन्ही कळले ते गंगावेशीकडच्या एका तालमीत.

सकाळी साडेसहाची वेळ. आत एकच उंच खिडकी. हौद्यातली लाल माती नुकतीच उकरलेली, तिला ताकाचा आणि तेलाचा वास. दोन पोरं जोर मारत होती, बाकीची हौद्यात उतरत होती. कुणी शड्डू ठोकला की अंगावरची माती धुरासारखी उडायची आणि खिडकीच्या उजेडात तरंगत राहायची. मला तेवढंच हवं होतं, ती माती. तोवर मी मित्राचा जुना कॅमेरा मागून आणला होता, त्यावर १८-५५ एमएमची साधी झूम लेन्स. तीस फोटो काढले. सगळ्यांत माती पुसट आणि पैलवानाच्या हाताचा फराटा.

आकडे बघितले : आयएसओ ३२००, अ‍ॅपर्चर एफ ४.५, शटर १/३० सेकंद. शटर म्हणजे दार किती वेळ उघडं, आणि सेकंदाच्या तिसाव्या भागात शड्डूचा हात वीतभर सरकतो. दार लवकर बंद करायचं तर उजेड कमी पडणार. तो भरून काढायला आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. मग उरतं अ‍ॅपर्चर, म्हणजे दाराची रुंदी. इथं आकडा लहान तितकं दार मोठं. एफ ४.५ ऐवजी एफ १.८ ची लेन्स लावली की सहापट उजेड आत येतो. म्हणजे आयएसओला हात न लावता १/३० वरनं जवळजवळ १/२०० वर जाता येतं, आणि त्यात उडालेली माती थांबते. हे गणित मी तालमीबाहेरच्या कट्ट्यावर बसून वहीत मांडलं. त्या दिवशी मला कॅमेरा नको होता, लेन्स हवी होती.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या ट्यूबा आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. संध्याकाळच्या मेहनतीला ट्यूबच्या उजेडात १/२०० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवलं तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्यात आडवे पट्टे असा गोंधळ होतो. तिथं १/१०० वर या आणि पकड घट्ट बसून दोघं क्षणभर थांबतात तेव्हा बटण दाबा.

चौथी पायरी : जुनी बॉडी घेताना

पहिला कॅमेरा जुनाच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कंपन्या आणि हौशी मंडळी आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडं वळल्यामुळं चांगले आरशाचे डीएसएलआर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मी निकॉन डी५३०० घेतला. २४ मेगापिक्सेल, छोटा सेन्सर, मला पुरून उरतो.

पण जुनं घेताना मी एकदा ठेच खाल्ली आहे. बॉडीच्याही, म्हणजे लेन्सविना नुसत्या कॅमेऱ्याच्याही, आधी एक झूम लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून उचलली. दुकानात ट्यूबलाइटखाली काच लखलखीत दिसत होती. घरी येऊन मागनं टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. दुकानदार म्हणाला, ‘विकलेला माल परत नाही.’ बिल मी मागितलंच नव्हतं. रोज कास्टिंगमधली ब्लो होल शोधणारा माणूस मी, आणि स्वतःच्या पैशाची काच न तपासता आणली.

तेव्हापासून दुकानात जाताना टॉर्च, स्वतःचं मेमरी कार्ड आणि वर्तमानपत्राचं पान खिशात असतं. टॉर्च लेन्सच्या एका टोकानं आत मारायचा आणि दुसऱ्या टोकानं तिरकं बघायचं: धुळीचे चार कण चालतात, धागे किंवा धुरकटपणा चालत नाही. मग अ‍ॅपर्चर एफ १६ ला ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो, मुद्दाम फोकस घालवून. त्यात काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण ओरखडा जात नाही. वर्तमानपत्र तिरकं धरून मधल्या ओळीवर फोकस करा आणि फोटो मोठा करून बघा की नेमकी तीच ओळ धारदार आली की पुढची-मागची. बॅटरी फुगलेली आहे का ते सपाट टेबलावर ठेवून बघा, डगमगली तर नको.

शटर किती वेळा उडालं हाही आकडा विचारा. निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो फोटोच्या मूळ फाइलमध्ये लिहिलेला असतो, म्हणून तिथंच एक फोटो आपल्या कार्डावर काढून घरी तपासता येतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो असा सहज मिळत नाही, तिथं बॉडीची झीज बघून अंदाज बांधायचा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

पाचवी पायरी : लेन्स घेण्याआधी चिकटपट्टी

सगळे सांगतात, पहिली प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणारी, ५० एमएम घे. मीही तीच घेणार होतो. पण छोट्या सेन्सरवर ५० एमएम ही जवळपास ७५ एमएमसारखी वागते, म्हणजे दृश्य बरंच आवळलं जातं. मोकळ्या मैदानात ठीक, तालमीत मात्र माझी पाठ भिंतीला टेकली तरी पैलवान गुडघ्यापासून कापला गेला असता.

हे मला घेण्याआधी कळलं ते फुकटात. १८-५५ लेन्सची झूमची रिंग ५० वर फिरवा आणि इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावून टाका. पूर्ण दिवस तसंच फिरा. दुसऱ्या दिवशी ३५ वर लावा. मला ३५ त्रास देत नव्हती, म्हणून ३५ एमएम एफ १.८ घेतली.

निकॉनवाल्यांसाठी एक खाचखळगा: डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर बॉडीत नसते. जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्त दिसतात, पण या बॉडीवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी, म्हणजे मोटर लेन्समध्येच, आहे ना, ते बघा. एएफ-पी असेल तर ती आपल्या मॉडेलला चालते का, तेही विचारून घ्या.

बॅग, फिल्टर, रिमोट, गळ्यातला भारी पट्टा यांतलं काहीही पहिल्या वर्षात लागत नाही. दोन मध्यम आकाराची कार्डं आणि एक जादा बॅटरी एवढं घ्या. ट्रायपॉड घ्यायचाच तर जरा वजनदार घ्या. हलका प्लॅस्टिकचा पंचगंगेच्या घाटावरच्या वाऱ्यात थरथरतो, मग हातात धरलेलं काय वाईट?

सहावी पायरी : पाऊस, वाफ आणि गुलाल

आपल्याकडचा पावसाळा लेन्सचा शत्रू. कापडी किंवा चामडी बॅगेत कॅमेरा जूनमध्ये ठेवून गणपतीला काढला तर बुरशी ठरलेली. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास हवा. दाण्यांचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, म्हणून ते घेऊच नका. नारिंगी घ्या, आणि तेही स्वयंपाकाच्या कढईत तापवायचे नाहीत.

गुऱ्हाळावर गेलात तर रस उकळायच्या काहिलीजवळ लगेच कॅमेरा काढू नका. थंडीतल्या पहाटे काच गार असते आणि रसाची वाफ बसून ती पांढरी होते. आधी दहा मिनिटं चुलवाणापासून लांब, पण आतच थांबा, काच कोमट होऊ द्या, तोवर गुळव्याशी बोला. वाफेचा फोटो कॅमेरा स्वतःहून काळपट काढतो, कारण पांढरं जास्त दिसलं की त्याला उजेड जास्त वाटतो. एक्स्पोजर +१ करा, वाफ वाफेसारखी येईल.

जोतिबाच्या चैत्र यात्रेचा गुलाल वाफेपेक्षा वाईट. सासनकाठ्या नाचत असताना लेन्स बदलायची नाही. झूम लेन्स आतबाहेर होताना हवेबरोबर गुलाल आत ओढते, म्हणून एकच प्राइम लावा. कॅमेरा प्लॅस्टिक पिशवीत घालून लेन्सभोवती रबरबँड लावा आणि काचेपुरतं भोक पाडा. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सर्वांत शेवटी. गुलालावर कोरडं कापड फिरवलंत तर काचेला पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं.

रजिस्टर बंद करू नका

कॅमेरा आल्यावरही नोंद चालू ठेवली. ‘हललं’ उतरलं, ‘अंधार’ जवळजवळ गेला. ‘फोकस चुकला’ उलट वाढलं, कारण एफ १.८ ला धारदार पट्टा इतका अरुंद की कान धारदार आणि डोळा पुसट. मग एफ २.८ वर आलो आणि फोकसचा एकच ठिपका डोळ्यावर ठेवायला शिकलो.

गेल्या सहा महिन्यांत मात्र एक नवाच रकाना भरत चाललाय: ‘विचारायला लाजलो’. हे न काढलेले फोटो आहेत. यावर मला एकच तोडगा सापडला. पहिल्या भेटीत कॅमेरा बॅगेतच ठेवायचा, दुसऱ्या भेटीत विचारून चार फोटो काढायचे, तिसऱ्या भेटीत त्यांचे प्रिंट घेऊन जायचं. तालमीत मी सहा बाय आठचे पाच प्रिंट नेले. वस्तादांनी चष्मा लावून एकेक बघितला आणि शड्डूचा फोटो बाजूला काढला.

‘ह्याचा पाय चुकलाय,’ पोराला हाक मारत ते म्हणाले. ‘हिकडं ये, बघ तुझा पाय कुठं पडलाय.’

मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘उद्यापासनं रोज ये. पण चपला भाईर काढायच्या.’