डिशवॉशरमधले ग्लास पांढरट दिसायलेत? मेकॅनिकला बोलवायच्या आधी हे बघा

उन्हाळ्यात राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी कमी आलं की बेळगावात निम्मी घरं टाकीत बोअरचं सोडतात, आणि मग एवढ्या महागाच्या डिशवॉशरमधनं ग्लास धुरकट बाहेर यायला लागतात.

आधी एका ग्लासावर व्हिनेगर चोळा. थर गेला तर तो क्षार, नाही गेला तर काचच झिजलीय, त्याला इलाज नाही.

क्षार असला तर:

१. मशीनच्या सेटिंगमध्ये पाण्याच्या हार्डनेसचा (म्हणजे क्षार किती त्याचा) आकडा वाढवा, कसा ते मॅन्युअलमध्ये असतंय. नळाचं पाणी परत आलं की खाली आणा बरं का, नायतर मीठ उगाच संपतंय.

२. तळातल्या टाकीत डिशवॉशरचं मीठ भरा, पण भांडी लावून तयार ठेवा आणि भरल्या भरल्या लगेच सायकल चालू करा, कारण भरताना बाहेर सांडलेलं खारं पाणी रात्रभर तसंच राहिलं तर आतल्या स्टीलला गंज धरतो.

आणि मीठ ते मीठच म्हणून स्वयंपाकातलं बारीक मीठ त्यात ओतू नका, ते मोकळं राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतंय त्यानं सॉफ्टनर (पाण्यातला क्षार काढणारा मशीनचा भाग) चोंदतो आणि तो बदलायचा खर्च मिठाच्या पाकिटापेक्षा कितीतरी जास्त आहे.