जड धातूंनी बिघडलेली जमीन वनस्पतींनी साफ करताय? या चुका टाळा

मोहरी पेरली की शिसं गेलं, असं समजणाऱ्यांनी आधी कागद-पेन घ्यावं. एका हेक्टरचा वरचा 20 सेंमी थर म्हणजे साधारण 2600 टन माती. किलोमागे 500 मिलिग्रॅम शिसं असेल तर तिथे 1300 किलो शिसं पडलंय. मोहरीच्या 10 टन वाळलेल्या पाल्यात किलोमागे 200 मिलिग्रॅम धरलं, तरी एका काढणीत निघतं 2 किलो!

हे कळलं की उतावळे लोक ईडीटीए नावाचं रसायन घेऊन येतात, आणि इथेच माझं डोकं फिरतं. ईडीटीए शिशाला मातीतून सोडवून पाण्यात आणतं, ते मुळांवाटे वर चढतं, इथपर्यंत खरं. पण ईडीटीए स्वतः मातीत लवकर विघटित होत नाही, आणि सुटलेलं शिसं मुळांकडेच जाईल याची हमी कोण देणार? एका प्लॉटवर नवशिक्या मंडळींनी रोपं चार पानांवर असतानाच सगळी मात्रा ओतली. पानांच्या कडा करपल्या, रोपांनी माना टाकल्या आणि वर पाऊस. मुळांच्या खाली बसवलेल्या नळीतल्या पाण्यात शिसं सापडलं. पानांत किती चढलं ते तपासायला पानंच उरली नव्हती.

मी पीक भरात येईपर्यंत थांबतो. काढणीच्या आठवडाभर आधी, उघडीप बघून, मात्रा विभागून देतो. तीही शक्यतो ईडीडीएस या तशाच कामाच्या रसायनाची, कारण ते लवकर विघटित होतं. भूजल वर असेल तर या वाटेला जातच नाही.

दुसरी खोड, सगळ्या धातूंना एकच औषध. स्फुरदाने (फॉस्फरसने) शिशाचं पायरोमॉर्फाइट हे खनिज बनतं, ते जवळजवळ विरघळत नाही. तोच स्फुरद आर्सेनिकच्या जमिनीत टाकलात तर मातीच्या कणांवरून आर्सेनेटला (आर्सेनिकच्या एका रूपाला) हुसकावून तो स्वतः बसतो, आर्सेनिक मोकळं. चुन्याचंही तसंच: सामू वाढला की कॅडमियम, जस्त जखडतं, आर्सेनिक मात्र सुटू शकतं.

फक्त एकूण धातू तपासून थांबू नका, त्यातला उपलब्ध, म्हणजे मुळांना शोषता येईल असा, किती तेही बघा.

आर्सेनिकला मोहरी नको, टेरिस व्हिटाटा हा नेचा लावा.

शिसं फारच असेल तर उपसायचा हट्ट सोडा. वाळा लावून माती जागेवर धरा, धूळ आणि धूप तरी थांबेल.

आणि कापलेला पाला गोठ्यात, खतात किंवा चुलीत घालू नका. तो घातक कचरा आहे. त्याची विल्हेवाट कुठे लावायची हे ठरल्याशिवाय मी बी पेरत नाही.