घरच्या घरी फ्लाइट सिमचा मोशन प्लॅटफॉर्म बनवताय? मग या चुका टाळा

फ्लाइट सिम म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, आणि मोशन प्लॅटफॉर्म म्हणजे त्यातल्या विमानाबरोबर मोटरीनं हलणारी सीट. तो करायला घेतला की पहिला हट्ट हाच असतो की सीट भरपूर हलली पाहिजे. विमान ३० अंश कललं की आपणही ३० अंश कलायला हवं, आणि मग त्या हट्टापायी मोठ्या मोटरी, लांब लिव्हर, जाड लोखंड आणि प्रत्येक वळणाला दणके देणारी फ्रेम. पण आपल्या शरीराला कोनाचं फारसं पडलेलं नसतं. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांना गोल फिरणं कळतं, ओटोलिथ नावाच्या भागाला सरळ रेषेतला वेग वाढला-कमी झाला ते कळतं, पण आपण मागं कललोय की पुढं जोरात ढकलले जातोय हा फरक ओटोलिथला करताच येत नाही. सगळं मोशन सिम्युलेशन याच जागेवर उभं आहे. म्हणून छोटी, अचूक आणि वेळेवर होणारी हालचाल मोठ्या हालचालीपेक्षा कितीतरी खरी वाटते. हे एकदा डोक्यात बसलं की खर्च अर्ध्यावर येतो.

सहा पायांचा स्टुअर्ट प्लॅटफॉर्म, ज्याच्यावर १९६५ चा तो प्रसिद्ध पेपर आहे, तो पहिल्याच झटक्यात करायला जाऊ नका. सहा अक्च्युएटर (सीट ढकलणारे मोटरचे पाय), सहा ड्रायव्हर (मोटरला वीज सोडणारे बोर्ड), आणि एक बिघडला की कुठला ते शोधण्यात पूर्ण रविवार. पिच (पुढे-मागे कलणं) आणि रोल (डावी-उजवीकडं कलणं), दोनच अक्ष घ्या.

वजनाचा तोल न साधता मोटर बसवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि लोक दोष मोटरला देतात. हिशोब करून बघा. सीट, वरची फ्रेम, पेडल आणि माणूस मिळून १०० किलो धरा. हे वजन पिव्हटपासून, म्हणजे सीट ज्याच्यावर डुलते त्या मधल्या सांध्यापासून, १० सेंटिमीटर पुढं पडलं असेल तर काहीच हलवायचं नसतानासुद्धा साधारण ९८ न्यूटन-मीटर जोर कुणीतरी पेलत बसायला लागतो. मोटरचा रॉड पिव्हटपासून ४० सेंटिमीटरवर जोडला असेल तर त्या रॉडवर झाले २४५ न्यूटन, म्हणजे २५ किलो, आणि मोटरच्या शाफ्टवरचा लिव्हर ५ सेंटिमीटरचा असेल तर शाफ्टवर १२ न्यूटन-मीटरच्या वर. दोन मोटरी मागे लावल्या तर हे दोघींत वाटलं जातं, पण जातं हे सगळं फुकटच, कारण यातून अजून हालचाल एक मिलिमीटरची झालेली नाही! त्यात जास्त कलावं म्हणून लिव्हर १० सेंटिमीटरचा केला की शाफ्टवरचा जोर दुप्पट. ५ सेंटिमीटरच्या लिव्हरनं दोन्ही बाजूंना साधारण ७-७ अंश मिळतात आणि सुरुवातीला ते पुरतात.

तोल बघायची पद्धत सोपी आहे. दोन्ही रॉड काढून टाका, दोघांना दोन बाजूंना धरायला उभं करा, तुम्ही सीटवर बसा, हात योक (विमानाचं स्टिअरिंग) किंवा जॉयस्टिकवर, पाय पेडलवर, जसे उडवताना बसता तसेच. मग धरणाऱ्यांना हात हळूहळू सैल करायला सांगा. सीट एका बाजूला धाडकन जात असेल तर पिव्हट चुकलाय. जुन्या गाडीची सीट घेतली असेल तर तिचे स्लायडर काढू नका, पुढे-मागे सरकवून तोल साधायला तेच कामाला येतात. घरात उडवणारे दोघे असतील आणि वजनात बराच फरक असेल तर स्लायडरवर दोघांच्या खुणा रंगवून ठेवा.

पिव्हटची उंचीही बघा. पिव्हट सीटच्या खूप खाली असला की माणसाचं वजन वर राहतं, थोडं कललं की ते आणखी त्याच बाजूला ओढतं. जमेल तितका पिव्हट वर घ्या. आणि थोडं वजन पेलायला गाडीच्या डिकीचे गॅस शॉक लावले तर मोटरीला खूप आराम मिळतो.

खटखट ऐकू येते ती जॉइंटमधून

फ्रेमला एमएस (माइल्ड स्टील) चौकोनी पाइप आपल्याकडे गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगाव कुठंही मिळतो, वेल्डरही मिळतो. चूक होते ती जॉइंटमध्ये. साधं भोक पाडून त्यात बोल्ट टाकला की तो पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि काही दिवसांत भोक अंडाकृती होतं. रॉड एंड (रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट) वापरा, सहज ढिला न होणारा नायलॉक नट वापरा, मधला जॉइंट गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस असेल तर उत्तम. दिशा बदलताना खट्ट असा आवाज येत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका. पॉवर बंद, एकानं सीट हातानं मागे-पुढे हलवायची, दुसऱ्यानं एकेका जॉइंटवर बोट ठेवायचं, अर्धं बोट रॉडवर आणि अर्धं ब्रॅकेटवर. ज्याच्यात ढिलाई आहे तिथं बोटाला टिचकी बसते, डोळ्यांना दिसत नाही पण बोटाला लगेच कळतं.

वायपर मोटर थेट जोडणं

स्वस्तात करायचं म्हणून बहुतेक जण भंगारातली वायपर मोटर घेतात, घ्या, काही वाईट नाही, वर्म गिअर असतो त्यामुळे पॉवर गेली तरी सीट शक्यतो जागेवर राहते. पण दोन गोष्टी आधी तपासायच्या. बऱ्याच वायपर मोटरींचा एक ब्रश आतून मोटरच्या बॉडीला जोडलेला असतो, कारण गाडीत बॉडी म्हणजेच निगेटिव्ह. आपल्याला मोटर दोन्ही दिशांना फिरवायची असते, म्हणजे तीच बॉडी कधी निगेटिव्ह तर कधी पॉझिटिव्ह. अशा दोन मोटरी एकाच लोखंडी फ्रेमवर बोल्ट केल्या आणि एक सुलट, दुसरी उलट फिरली की फ्रेममधून सरळ शॉर्ट, ड्रायव्हर जळालाच. मल्टिमीटर लावून प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी बघा, बीप वाजली तर मोटर उघडून ते कनेक्शन तोडून वेगळी वायर बाहेर काढा, ते स्वतः जमत नसेल तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून.

दुसरी गोष्ट, फास्ट स्पीडसाठी जो तिसरा ब्रश असतो तो समोरासमोर नसतो, थोडा सरकवलेला असतो. त्याच्यावर चालवली तर मोटर एका दिशेला वेगळ्या आणि दुसऱ्या दिशेला वेगळ्या वेगानं फिरते, मग विमान डावीकडं मस्त आणि उजवीकडं आळशी का वाटतंय ते कळत नाही. स्लो स्पीडच्या वायरवरच चालवा.

ड्रायव्हरवर ४३ अँपिअर लिहिलेलं बघून खूश होऊ नका. बीटीएस७९६० चिपमध्ये तो आकडा करंट लिमिटचा आहे, सतत ओढायचा नाही. त्या मॉड्युलवरचा छोटा हीटसिंक त्याच्या खूप आधी तापतो. पंखा लावा.

पहिल्याच टेस्टला माणूस बसवणं

मोटर किती फिरलीय ते सांगणारा पॉट (पोटेन्शिओमीटर) उलटा जोडला गेला तर मोटरला वाटतं मी चुकीच्या बाजूला आहे, म्हणून ती आणखी चुकीच्या बाजूला पळते, थेट टोकापर्यंत, पूर्ण ताकदीनं. म्हणून पहिली टेस्ट लिव्हर काढून, मोटर टेबलावर क्लॅम्प करून. एका टोकाला पळाली तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा किंवा पॉटच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडची, दोन्ही एकदम नको, नाहीतर परत तिथंच. मोटरी चालवणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर पॉटचं रीडिंग ० ते १०२३ येतं, लिव्हर मध्यावर असताना ते ५१२ च्या आसपास हवं.

सीट जागेवर थरथरतेय? आधी पॉटचं रीडिंग बघा. मोटर बंद असताना आकडा स्थिर आणि चालू केल्यावर नाचतोय तर तो वायरिंगचा नॉइज आहे. सिग्नलची वायर शील्डेड घ्या, मोटरच्या वायरींपासून लांब न्या, पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. आकडा स्थिर आहे तरी सीट थरथरते, तेव्हाच पीआयडीला (मोटर हव्या त्या जागी आणणाऱ्या हिशोबातले पी, आय, डी हे तीन आकडे) हात लावा, पी कमी करा, आय आधी शून्यावर ठेवा. डी वाढवून थरथर घालवायला गेलात तर नॉइजच मोठा होतो.

आणि लाल इमर्जन्सी बटण. ते मोटरची पॉवर तोडणारं पाहिजे, कॉम्प्युटर किंवा यूएसबी बंद करणारं नाही, कारण यूएसबी गेलं तरी आर्डुइनो शेवटच्या आदेशावर मोटर धरून बसू शकतो. बसल्या जागी हात पोचेल तिथं लावा, आणि बाहेर उभ्या माणसासाठी दुसरं. लहान मुलं सीटखाली घुसतात, तिथं जाळी किंवा प्लायवूड हवंच, ही गोष्ट नंतर करू म्हणून सोडायची नाही.

एसएमपीएस, म्हणजे मोटरींचा पॉवर सप्लाय, अचानक ट्रिप होतो ही तक्रारही कायमची. वेगात असलेली मोटर एकदम थांबवली की ती क्षणभर जनरेटर होते आणि वीज उलटी सप्लायकडे ढकलते, सप्लाय घाबरून बंद. मोठे कपॅसिटर, नाहीतर जास्तीची वीज जिरवणारा ब्रेक रेझिस्टर लागतो. सॉफ्टवेअरमध्ये दिशाबदल थोडा मऊ केला तरी बराच फरक पडतो.

विमानाचा कोन जसाच्या तसा सीटला देणं

आता मूळ मुद्दा. नीट मारलेल्या वळणात विमान ३० अंश कललं तरी पायलटला बाजूला घसरल्यासारखं वाटत नाही, वजन सीटमध्ये सरळ खालीच जातं, फक्त १.१५ पट होतं. तुमचा प्लॅटफॉर्म मात्र कलून तसाच राहिला तर अंग एका बाजूला ओढलं जाणार, म्हणजे बरोबर मारलेलं वळण तुम्हाला चुकीचं वाटणार. म्हणून रोलचा कोन नको, रोल होण्याचा वेग द्या, आणि सीट नकळत हळूहळू मध्यावर परत आणा. यालाच वॉशआउट म्हणतात. परत येणं सेकंदाला साधारण ३ अंशांच्या खाली ठेवलं तर शरीराला ते जाणवत नाही. बाजूचा ओढा द्यायचा तो विमानाच्या बाजूच्या प्रवेगावरून.

टेकऑफला उलट. वेग वाढतोय हे दाखवायला सीट हळू मागं कलवायची. ७ अंशांत जेमतेम ०.१२ जी मिळतो (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका ओढा), खऱ्या जेटचा याहून जास्त असतो, पण नजर समोर पळत्या रनवेवर असली की शरीर ते मान्य करतं. तुमचं सॉफ्टवेअर जी-लोडमध्ये गुरुत्वाकर्षण धरतं की नाही ते मात्र आधी बघा. विमान एका वेगानं स्थिर चढतंय तरी पुढे-मागेचा आकडा शून्य नसेल तर गुरुत्व त्यात आहे, मग पिचचा कोन वेगळा जोडू नका, एकच गोष्ट दोनदा होते. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये थांबलेल्या विमानाचा उभा जी १ दिसतो, पुढे कधी हीव्ह (सीटची वर-खाली हालचाल) जोडलात तर तो १ वजा करायचा.

दाबोळी विमानतळाच्या आसपासच्या पोरांना डोक्यावरून नेव्हीची मिग-२९के जाताना दिसतात, त्यामुळे फर्माईश फायटरचीच असते. पण सतत राहणारा ५ जी कुठलाच घरगुती प्लॅटफॉर्म देऊ शकत नाही, त्याला सेंट्रिफ्यूज, म्हणजे माणसाला गरगर फिरवणारं यंत्र, लागतो. गेन (हालचाल किती पट करायची तो आकडा) वाढवून तो मिळत नाही, फक्त उलटी येते.

उलटीवरून, स्क्रीन जमिनीवर आणि सीट हलती असेल तर चित्र डोळ्यांसमोर डोलतं, हालचाल छोटी ठेवा किंवा मॉनिटर फ्रेमवरच घ्या. व्हीआर हेडसेट असेल तर सीटची हालचाल त्याला डोक्याची हालचाल वाटते, सीटची हालचाल वजा करणारं मोशन कॉम्पेन्सेशन लावल्याशिवाय बसू नका.

आपला पाऊस

रेड ऑक्साइड मारून सोडून दिलेली फ्रेम पहिल्याच पावसाळ्यात वेल्डवर तांबूस होते, किनाऱ्याजवळ त्याहून लवकर. वेल्ड घासून प्राइमर, वर एनॅमलचे दोन हात, रॉड एंडला ग्रीस. साध्या कार्बन पॉटमध्ये दमट हवा शिरली की रीडिंग उड्या मारायला लागतं, शक्य असेल तर हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा, न घासणारा सेन्सर) घ्या. जूनमध्ये लाइट जाते-येते तेव्हा सीट आपोआप दणका देऊन चालू होऊ नये म्हणून मोटरचा सप्लाय कॉन्टॅक्टरवरून घ्या, जो लाइट गेल्यावर सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. वीज गळताच सप्लाय तोडणारा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा, फ्रेमला अर्थिंग. आणि बरेच दिवस रिग बंद राहिली असेल तर आधी रिकाम्या सीटवर दोन्ही अक्ष टोकापासून टोकापर्यंत हळू फिरवा, दोन्ही पॉट मध्यावर परत येतात का बघा, मगच बसा.