आरसी रेस: आधी मोजणी पक्की करा, मग गाडीला हात लावा

आमच्या क्लबच्या आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलच्या छोट्या गाड्यांच्या, रेसला टायमिंगचं टेबल माझ्याकडे असतं. हीट (रेसमधली ठराविक वेळेची एक खेप) संपली की पोरं रिमोट हातात घेऊनच येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, बेस्ट लॅप किती पडला?" मला विचाराल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. पाच मिनिटांच्या हीटचं गणित बघा. एकाचा बेस्ट लॅप 24.1 सेकंद, पण सरासरी 26.2. दुसऱ्याचा बेस्ट 24.8 आणि सरासरी 25.1. सुरू झालेली शेवटची फेरी पूर्ण धरून दोघांच्याही 12 फेऱ्या होतात, फक्त पहिल्याला त्यासाठी 5 मिनिटं 14.4 सेकंद लागतात आणि दुसऱ्याला 5 मिनिटं 1.2 सेकंद. बेस्ट लॅपवाला तेरा सेकंदांनी मागे पडला.

पण सरासरी खरी यायची तर प्रत्येक फेरी मोजली गेली पाहिजे, आणि सगळं तिथेच अडतं. मायलॅप्सची आरसी-4 यंत्रणा घेतली, तर ट्रॅकखाली वायरचा लूप असतो, तो सिग्नल वाचणाऱ्या डीकोडरला जोडलेला आणि डीकोडर लॅपटॉपला. गाडीतल्या ट्रान्सपाँडरला, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या छोट्या डबीला, स्वतःचा नंबर असतो. गाडी लूपवरून गेली की तो नंबर आणि वेळ नोंदली जाते.

ट्रान्सपाँडर गाडीतल्या रिसीव्हरच्या (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाच्या) रिकाम्या चॅनलला लावायचा, वीज तिथूनच मिळते. प्लग उलटा जात नाही ना, हे बघूनच दाबा. जागा निवडताना मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) आणि त्यांच्या जाड वायरींपासून लांब राहा. बऱ्याच 1/10 (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या) बगींची चासी ॲल्युमिनियमची असते. ट्रान्सपाँडर आणि लूप यांच्यामध्ये धातू आला की सिग्नल मरतो. त्यामुळे तो बाजूच्या प्लॅस्टिकच्या गार्डवर बसवा. कार्बन फायबरच्या प्लेटलाही हेच लागू. बसवल्यावर सरावाच्या वेळी टेबलाशी या. दर फेरीला किती हिट (लूपवरून जाताना पकडलेले सिग्नल) मिळाले आणि सिग्नल किती जोरात आला, हे डीकोडर दाखवतो. बाकीच्यांचे हिट वीसच्या घरात आणि तुमचे चारच असतील, तर जागा बदला. रेसमध्ये फेरी चुकल्यावर भांडण्यापेक्षा हे सकाळी दहा मिनिटांत होतं. आणि गाडी बदललीत तर नवा नंबर टेबलावर सांगा, हे कृपा करून विसरू नका.

टेबलावर बसणाऱ्यांसाठी: लूपच्या दोन वायरी समांतर हव्यात, आणि जनरेटरची केबल लूपजवळून नेऊ नका, सिग्नलमध्ये विजेचा गोंगाट वाढतो. लॅपटॉप आणि डीकोडर यूपीएसवर ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये कमीत कमी लॅपची वेळ भरा. फेरी 25 सेकंदांची असेल तर 18 ठीक. नाहीतर लूपवर उलटी पडलेली गाडी दोनदा मोजली जाते. पडलेल्या गाड्या उभ्या करणाऱ्या मार्शलनाही बजावून ठेवा, की लूपवरून गाडी हातात घेऊन जायची नाही.

आता लॅपची यादी वाचायला शिका. 25.3, 25.1, 50.6, 25.4 अशी ओळ दिसली तर गाडी कुठे थांबली नव्हती, एक फेरी निसटली आहे; 50.6 म्हणजे दोन फेऱ्यांची बेरीज. पण 25.3, 25.1, 38.2 दिसलं तर गाडी पडली आणि मार्शलने ती उभी करेपर्यंत तेरा सेकंद गेले. पहिली तक्रार माझ्याकडे आणा. दुसरीचं उत्तर तुमच्या बोटांत आहे.

फेऱ्या स्थिर आल्या की मगच ईएससीच्या नोंदीकडे वळा. हॉबीविंगच्या एक्सआर10 प्रोसारख्या ईएससीत कमाल आरपीएम (मोटरचे मिनिटाला फेरे), सर्वांत कमी व्होल्टेज आणि तापमान साठवलेलं असतं. समजा आरपीएम 28,000 दिसले. स्पर (मोठा गिअर) 72 दातांचा, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) 20 चा आणि गिअरबॉक्सचं गुणोत्तर 2.6, तर एकूण गुणोत्तर 9.36. चाक मिनिटाला जवळपास 2,990 वेळा फिरतं, आणि 85 मिलिमीटर व्यासाच्या टायरवर हे ताशी साधारण 48 किलोमीटर होतात, टायर घसरला नाही असं धरून. हा वेग सरळ पट्ट्याच्या शेवटच्या दोन-तीन मीटरमध्येच येत असेल, तर गिअरिंग बरोबर आहे. अर्ध्या पट्ट्यातच येऊन पुढे वाढत नसेल, तर पिनियनला एक दात वाढवायला हरकत नाही, मोटर गार असेल तरच. मोटर 75 अंशांच्या वर गेली की मी एक दात कमीच करायला सांगतो. उष्णतेने चुंबक कमजोर होतो आणि मग कुठलंच गिअरिंग कामाला येत नाही.

व्होल्टेजकडे फार थोडे लोक बघतात. 2एस लायपो, म्हणजे दोन सेलची लिथियम बॅटरी, भरलेली 8.4 व्होल्टची असते. थ्रॉटल दाबताना ती 6.4 च्या खाली बसत असेल तर मोटर बदलण्याआधी कनेक्टर आणि सोल्डर तपासा, मग सेल.

जीपीएस लॉगरला मी गाडीचा मार्ग विचारत नाही. सेकंदाला 10 नोंदी घेतल्या तरी ताशी 48 किलोमीटरला दोन नोंदींमध्ये 1.3 मीटर निघून जातात, आणि जागेची चूक त्याहून मोठी. छताखालच्या ट्रॅकवर तर तो चालतच नाही.

हीट संपली की ईएससीचे आकडे लगेच उतरवून घ्या, शेजारी टायर, पिनियन आणि हवेचं तापमान लिहा. पुढच्या हीटला एकच गोष्ट बदला.