कॅमेऱ्यांचा संग्रह: नोंद, निगा, वापर आणि विमा

संग्रहातल्या कॅमेऱ्यांचं नुकसान दोन तऱ्हांनी होतं. बुरशी, सुकलेलं वंगण, फुटलेले सेल, चिकट झालेला फोम हे सगळं सावकाश चालतं. चोरी, आग, पाणी, हातातून निसटणं हे एका क्षणात होतं. विम्याची पॉलिसी जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारचेच पैसे देते, पहिला प्रकार मालकाने निस्तरायचा असतो. म्हणून थेट विमा एजंटकडे जाऊ नका. आधी नोंद, मग साठवण, मग वापर आणि शेवटी पॉलिसी असा क्रम ठेवा. आधीची कामं झालेली नसली, तर पॉलिसी असूनही दावा लंगडा पडतो.

१. प्रत्येक नगाची नोंद करा

बॉडीची एक ओळ, लेन्सची वेगळी ओळ. ‘अमुक कॅमेरा, दोन लेन्ससह’ अशी गोळाबेरीज करू नका, कारण चोरीला बहुधा त्यातली एकच वस्तू जाते. प्रत्येक ओळीत कंपनी, मॉडेल, माउंट (लेन्स बसवायचा जोड), सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, दिलेली रक्कम, आजची स्थिती आणि झालेली दुरुस्ती एवढं हवंच. लेन्सचा नंबर बहुधा समोरच्या कड्यावर असतो, तर बॉडीचा वरच्या किंवा खालच्या पत्र्यावर. जुन्या बॉक्स कॅमेऱ्यांवर आणि घडीच्या कॅमेऱ्यांवर अनेकदा बॉडीला नंबरच नसतो. मग शटरवरचा नंबर लिहा. तोही नसेल तर ओळख पटेल अशी खूण लिहा: कातडीवरचा ओरखडा, आधीच्या मालकाने कोरलेलं नाव, बदललेला स्क्रू.

फोटो सहा काढा: समोर, मागे, वर, खाली, मागचं दार उघडून आणि नंबर जवळून. लेन्सचा एक जादा फोटो घ्या. ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडा, मागून तिरकस टॉर्च मारा आणि समोरून टिपा. बुरशीचे तंतू, धुरकटपणा, ओरखडे यात लख्ख दिसतात. पुढे कधी ‘हे आधीपासूनच होतं’ असा वाद निघाला तर हाच फोटो कामी येतो.

कातडीवर स्टिकर चिकटवू नका, डिंक निघत नाही. पट्ट्याच्या कडीला दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा. नोंदीची एक प्रत घराबाहेर किंवा ऑनलाइन ठेवा. कॅमेरे आणि नोंदवही एकाच कपाटात असतील तर आगीत दोन्ही जातात.

नोंद करतानाच अस्सलपणाही तपासा. सोव्हिएत काळातल्या फेड आणि झॉर्की कॅमेऱ्यांवर लायका या महागड्या जर्मन कंपनीचं नाव कोरून, सोनेरी मुलामा देऊन विकलेले नग जगभर फिरतात. लेन्स काढून आत पाहा. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) दांडीच्या टोकाला लायकात छोटं गोल चाक असतं, फेड-झॉर्कीत पाचरीसारखा सपाट तुकडा. तो तुकडा दिसला तर लायकाच्या किमतीने विमा उतरवणं म्हणजे हप्ता वाया घालवणं. चाक दिसलं म्हणून मात्र लगेच निर्धास्त होऊ नका, काही नकलांमध्ये तेही बदललेलं असतं.

२. हवा कोरडी ठेवा, पण फार कोरडी नको

सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. ३० टक्क्यांच्या खाली कातडं आणि बेलोज (घडीच्या कॅमेऱ्याचा भाता) कडक होऊन तडकायला लागतात. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट सर्वांत सोयीचं. नाहीतर रबरी कडेचे हवाबंद प्लॅस्टिकचे डबे आणि सिलिका जेल यांवरही काम उत्तम भागतं. २० लिटरच्या डब्यात २०० ग्रॅम जेल ठेवून सुरुवात करा, दोन दिवसांनी हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) पाहा. काटा ३० च्या खाली गेला असेल तर निम्मं जेल काढा.

जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. नारिंगी जेलचा रंग उतरला की ११० ते १२० अंश सेल्सियसला दोन तास तापवा, बंद बरणीत गार होऊ द्या आणि मग परत डब्यात ठेवा.

स्वस्त हायग्रोमीटर सर्रास पाच-सात टक्के चुकीचं दाखवतो. तो पारखायला एका झाकणात मीठ घ्या आणि थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं भिजवा. मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत आठ ते बारा तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. काटा ७० दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे.

डब्यात तांदूळ ठेवू नका, त्याची भुकटी यंत्रात जाते. डांबरगोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेचा थर काचेवर बसू शकतो. कातडी केस कितीही देखणी असली तरी ओल धरते, ती कॅमेऱ्यापासून वेगळी ठेवावी. बुरशी लागलेली लेन्सही बाजूला ठेवावी हे खरं, पण बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. खरा बंदोबस्त आर्द्रतेचाच. बुरशी लवकर दिसली तर कारागीर ती पुसून काढतो. उशीर झाला तर तिच्या आम्लाने कोटिंग आणि काच कोरली जाते, आणि तो डाग कायमचा.

डब्यात ठेवण्याआधी तीन गोष्टी करा: सेल काढा, शटर सोडून ठेवा म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही, आणि लेन्सला टोपी लावा. शटरचा पडदा कापडी असलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात शेवटची गोष्ट वापरतानाही पाळायची असते. आरसा नसल्यामुळे उन्हात उघडी लेन्स भिंगासारखी पडद्यावर किरण गोळा करते आणि पडद्याला भोक पडतं.

३. कॅमेरे चालते ठेवा

न वापरलेला कॅमेरा सुरक्षित राहतो हा गैरसमज आहे. दर महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक यांत्रिक कॅमेरा फिल्मविना चालवा. सगळ्या गतींवर पाच-सहा वेळा, शेवटी एक सेकंदावर. एक सेकंदाचा आवाज अखंड घरघरत संपला पाहिजे. मध्येच अडखळला तर मंद गतीच्या चक्रांतलं वंगण घट्ट झालं आहे. त्यावर घरचं तेल सोडू नका, ते पात्यांवर पसरतं आणि शटर चिकटतं. जुन्या कॅमेऱ्याच्या सेल्फ-टायमरला हात लावायचं कारण नाही. तो अर्ध्यात अडकला की शटरही अडकून बसतं.

काही कॅमेऱ्यांचे स्वतःचे नियम असतात आणि ते मोडले की यंत्र मोडतं. झॉर्की ४ मध्ये शटर चढवल्यावरच (म्हणजे त्याची स्प्रिंग ताणल्यावरच) गती बदलायची. बऱ्याच जुन्या कॉम्पुर शटरमध्ये नेमकं उलट: सर्वांत वरची गती आधी निवडायची, मग शटर चढवायचं, कारण त्या गतीला वेगळी स्प्रिंग लागते. हॅसलब्लाड ५०० मालिकेत लेन्स लावताना आणि काढताना बॉडी व लेन्स दोन्ही चढवलेली हवीत, नाहीतर जोड अडकतो. असे नियम त्या कॅमेऱ्याच्या चिठ्ठीवरच लिहा. उसना नेणाऱ्याला हे माहीत नसतं.

गती तपासायला मोबाइल पुरतो. मागचं दार उघडून कॅमेरा दिव्यासमोर धरा आणि सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये शटर टिपा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. १/३० ला सुमारे ८ फ्रेममध्ये उजेड दिसावा, १/६० ला ४ मध्ये. १/३० ला ११-१२ फ्रेम आल्या तर शटर अर्धा स्टॉप मंद आहे, म्हणजे सुमारे ४० टक्के जास्त उजेड पडतो. निगेटिव्ह फिल्मला हे चालतं, स्लाइड फिल्मला नाही. १/१२५ च्या पुढे ही पद्धत भरवशाची नाही.

१९६० ते ८० च्या दशकांतल्या बहुतेक एसएलआर (आतल्या आरशातून दृश्य दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यांत दाराच्या खाचांतला उजेड अडवणारा फोम काळा आणि डांबरासारखा चिकट झालेला सापडतो. तो फिल्मवर उजेड सोडतो, त्याहून वाईट म्हणजे त्याचे कण पडद्यावर आणि आरशावर पडतात. बदलणं घरी जमतं. आधी पडद्याच्या चौकटीवर कागद झाका. लाकडी टूथपिकने फोम खरवडून काढा, धातूचं काही वापरू नका. उरलेला डिंक कापसाच्या काडीवर थेंबभर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. नवा फोम खाचांत साधारण १.५ मिलिमीटर, बिजागरीच्या बाजूला २ मिलिमीटर जाडीचा बसतो. चिकट बाजूला ओलं बोट फिरवा, म्हणजे पट्टी लगेच न चिकटता सरकवून नीट बसवता येते. पाणी सुकलं की ती घट्ट धरते. दार जोर लावून बंद करावं लागत असेल तर फोम जाड झाला आहे, पातळ लावा. आरशावरचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो. तो पुसायचा नाही, फक्त ब्लोअरने हवा मारायची.

सेलचीही एक गोम आहे. त्या काळातल्या कॅमेऱ्यांतले उजेड मोजणारे अनेक मीटर पीएक्स ६२५ या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. तो आता मिळत नाही. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर मीटर चुकतं, आणि सेल उतरत जाईल तशी चूकही बदलते. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास देतो. तो आकाराने लहान असतो, त्यामुळे भोवती कडी लागते, आणि त्यावरची कागदी पट्टी काढल्यावर काही आठवड्यांत संपतो. फुटलेल्या अल्कलाइन सेलची पांढरी-हिरवी पुटं व्हिनेगरच्या ओल्या काडीने काढा, मग अल्कोहोलने पुसा.

जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर चढवण्याआधी मल्टिमीटरने त्याच्या पायाच्या मधल्या बिंदूवरचा व्होल्टेज मोजा. काही जुने फ्लॅश २०० व्होल्टच्या वर देतात आणि नव्या कॅमेऱ्याचं सर्किट जाळतात.

विमानप्रवासात फिल्म आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या दोन्ही हातातल्या पिशवीत. सीटी स्कॅनरने फिल्म धुरकटते, म्हणून हाताने तपासायची विनंती करा.

४. किंमत ठरवा

विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नका, प्रत्यक्षात झालेली विक्री धरा. त्याच मॉडेलच्या, तशाच स्थितीतल्या तीन-चार अलीकडच्या विक्री शोधा, सर्वांत वरची आणि खालची सोडा, उरलेल्यांवरून आकडा ठरवा आणि त्या पानांचे स्क्रीनशॉट ठेवा. सर्व्हिसिंगची पावती असलेला चालता कॅमेरा आणि ‘न तपासलेला’ कॅमेरा यांच्या किमतीत मोठा फरक असतो. दुर्मीळ नगांसाठी स्वतंत्र मूल्यांकनकाराचं लेखी पत्र घ्यावं. वर्षातून एकदा यादी ताजी करा. आजोबांच्या आठवणीची किंमत कुठलीच पॉलिसी धरत नाही.

५. पॉलिसी घेताना

घराच्या विम्यात संग्रह आपोआप बसतो असं समजू नका. एकेका वस्तूला कमाल मर्यादा असते, आणि घराबाहेरच्या नुकसानीला वेगळी जोड लागते. पहिला प्रश्न भरपाईच्या पद्धतीचा. घसारा वजा करून देणारी पॉलिसी जुन्या कॅमेऱ्याला जवळपास निरुपयोगी, कारण पन्नास वर्षांच्या वस्तूचा घसारा काढला तर हातात काही उरत नाही. ‘जुन्याऐवजी नवा’ हेही बंद पडलेल्या मॉडेलला लागू करताना वाद होतो. आधी ठरवून लिहिलेली किंमत देणारी पॉलिसी, सोबत नगवार यादी, हीच संग्रहाला योग्य.

विम्याची रक्कम कमी दाखवून हप्ता वाचवणं महागात पडतं. संग्रहाची खरी किंमत १०० आणि विमा ६० चा असेल, तर अनेक पॉलिसींत २० च्या नुकसानीला १२ च मिळतात, त्यातूनही तुम्ही सोसायची ठरलेली रक्कम वजा होते.

मग अपवाद वाचा, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. झीज, बुरशी, गंज, यंत्र आपोआप बंद पडणं हे सहसा वगळलेलं असतं. रिकाम्या गाडीतून झालेली चोरी, सक्तीने शिरल्याची खूण नसलेली चोरी, कुरिअरमधली मोडतोड, उसना दिलेला कॅमेरा यांबद्दल लेखी विचारा. कॅमेऱ्याने पैसे मिळवत असाल, अगदी वर्षातून एक लग्न टिपत असाल तरी, ते सांगा. हौशी वापराची पॉलिसी त्या दिवशीचा दावा नाकारू शकते. संचातली एकच वस्तू गेली तर पूर्ण संचाची किंमत मिळते की त्या नगापुरती, हेही पाहा. नवा कॅमेरा घेतल्यावर किती दिवसांत कळवायचं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

६. नुकसान झालं तर

चोरी झाली तर पोलिसांकडे सिरीयल नंबरांसह तक्रार द्या आणि प्रत घ्या. कंपनीला पॉलिसीतल्या मुदतीत लेखी कळवा. मोडलेला नग फेकू नका आणि पाहणी होण्याआधी दुरुस्तीलाही देऊ नका. भिजलेल्या कॅमेऱ्यातले सेल लगेच काढा, चालू करून बघू नका. पूर्ण भरपाई स्वीकारल्यावर तो नग बहुधा कंपनीच्या मालकीचा होतो, पुढे चोरांकडून परत मिळाला तरीही. तो परत विकत घ्यायचा पहिला हक्क हवा असेल तर ती अट पॉलिसी घेतानाच लिहून घ्या, दाव्याच्या कागदावर सही करताना नव्हे.