बटाट्याच्या फोडींवरून परासरण कसं मोजायचं

पेशीपटलातून पाणी सहज ये-जा करतं, साखर मात्र जवळपास अडूनच राहते. परासरण, म्हणजे पटलातून पातळ द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे होणारं पाण्याचं वहन, मोजायला एवढा फरक पुरतो. फोडीचं वजन वाढतही नाही आणि घटतही नाही, असं द्रावण शोधायचं. त्यासाठी 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू हवा आणि टिपकागद वापरताना शिस्त हवी.

आधी 1 मोलार (म्हणजे लिटरमागे 1 मोल, साखरेसाठी 342 ग्रॅम) साखरेचं मूळ द्रावण करा. 34.2 ग्रॅम साखर साधारण 70 मिली पाण्यात पूर्ण विरघळवा, मग पाणी घालत 100 मिलीच्या खुणेपर्यंत आणा. थेट 100 मिली पाण्यात साखर ओतली तर द्रावण 121 मिलीच्या आसपास भरतं, तीव्रता 0.82 वर येते आणि आलेख मुळातच चुकतो. मूळ द्रावणाचे 0, 5, 10, 15, 20 आणि 25 मिली वेगवेगळ्या चंचुपात्रांत घेऊन प्रत्येक 50 मिलीपर्यंत भरा. 0 ते 0.5 मोलारची सहा द्रावणं झाली. मीठ वापरायचा मोह टाळा. त्याचे पाण्यात दोन आयन (विद्युतभारित कण) होतात, म्हणून 0.15 मोलार मीठ साधारण 0.3 मोलार साखरेइतकं पाणी ओढतं. शिवाय आयन पेशीत शिरू लागले की हिशेब बिघडतो.

एकाच मोठ्या बटाट्यातून 1 सेंमी जाड, 4 सेंमी लांब अशा 18 फोडी कापा. सालीचा तुकडाही राहू देऊ नका. तिच्यातला सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ पाणी अडवतो. कापलेल्या फोडी उघड्यावर ठेवल्या तर वजन करण्याआधीच सुकतात, म्हणून झाकून ठेवा.

आता टिपणं. बहुतेकांचे आकडे इथेच फसतात. प्रत्येक फोड टिपकागदावर चारही बाजूंनी एकेकदा टेकवा. दाबू नका, चोळू नका. पृष्ठभागावर राहिलेला एखादा थेंबही वजनात 0.05 ग्रॅमची भर घालतो. सुरुवातीला आणि शेवटी टिपायची पद्धत अगदी तीच ठेवा.

प्रत्येक द्रावणात तीन फोडी पूर्ण बुडवून दोन तास झाकून ठेवा. पात्रं दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू केलीत, तर काढतानाही सगळ्यांना सारखाच वेळ मिळतो. रात्रभर उबेत ठेवलं तर पाणी गढूळतं, फोडी कुजू लागतात. बाहेर काढल्यावर बोटांनाच फरक कळतो: साध्या पाण्यातली फोड वाकवताच कट्‌कन मोडते, 0.5 मोलारमधली रबरासारखी वाकते.

वजनातला फरक ग्रॅममध्ये नव्हे, टक्क्यांत काढा. 4.20 ची फोड 4.62 झाली तर वाढ 10 टक्के. तीन फोडींची सरासरी घ्या; एखादी फारच वेगळी निघाली तर आधी सालीचा तुकडा राहिला का ते पाहा. तीव्रतेसमोर टक्के मांडून रेघ काढा आणि ती शून्याला कुठे छेदते ते वाचा. 0.3 मोलारला छेदली, तर 20 अंश सेल्सिअसला त्या द्रावणाचा परासरण दाब, म्हणजे त्यात शिरू पाहणारं पाणी थोपवायला लागणारा दाब, सुमारे 7.3 बार.

हीच पेशीरसाची तीव्रता, असं मात्र लिहू नका. ताठ पेशीची भित्ती आतलं पाणी बाहेर ढकलत असते, त्यामुळे रस याहून थोडा तीव्र असतो. त्याचा अंदाज हवा असेल तर लाल कांद्याचा पापुद्रा याच द्रावणांत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ज्या द्रावणात साधारण निम्म्या पेशींत रंगीत भाग भित्तीपासून नुकताच सुटलेला दिसेल, म्हणजे रससंकोच सुरू झालेला असेल, त्याची तीव्रता कांद्याच्या रसाच्या जवळची. हलक्या द्रावणात काहीच दिसलं नाही, तर 0.6 आणि 0.7 मोलारही करून बघा.