बॅटरी म्हणजे हीटरची कॉइल नव्हे: चार्जरचा कन्व्हर्टर करताना या चुका टाळा

वाळूजच्या आमच्या शेडमध्ये ई-रिक्षाच्या चार्जरचा पहिला बोर्ड तयार झाला, तेव्हा तो तीन दिवस हीटरच्या कॉइलवर चालवला. ५० व्होल्ट, २० अँपिअर, स्कोपवरची रेघ पट्टीने आखल्यासारखी. चौथ्या दिवशी बॅटरी जोडली, स्विच दाबला आणि ‘टप्प’. खालचा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेला, पाठोपाठ वरचाही. नवे घातले, पुन्हा तेच. मग ‘माल डुप्लिकेट आहे’ म्हणून दुकानदाराला फोन. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

झालं असं होतं. कन्व्हर्टर सिंक्रोनस बक (दोन मॉसफेट आळीपाळीने चालवून व्होल्टेज उतरवणारा), आत ८० व्होल्ट, बाहेर ४८ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे चार्ज करताना साधारण ५०. फर्मवेअरमध्ये सॉफ्ट स्टार्ट लिहिला होता तो ड्यूटी (चक्रातला किती भाग वरचा मॉसफेट चालू, ते) शून्यापासून हळूहळू वाढवणारा. सिंक्रोनस बकमध्ये ड्यूटी शून्य म्हणजे खालचा मॉसफेट पूर्ण वेळ चालू. कॉइल जोडलेली असताना याने काही बिघडत नाही, कारण बाहेर आधी व्होल्टेजच नसतं. बॅटरी मात्र पहिल्या क्षणापासून ५० व्होल्ट घेऊन बसलेली. ती इंडक्टरमधून थेट ग्राउंडला शॉर्ट झाली. इंडक्टर ४७ मायक्रोहेन्रीचा, म्हणजे करंट दर मायक्रोसेकंदाला एक अँपिअरने उलटा वाढतो. १०० किलोहर्ट्झला एक चक्र १० मायक्रोसेकंदांचं. पाच-सहा चक्रांत पन्नासच्या वर. त्यापुढे कोर सॅचुरेट झाला की हिशोबच संपतो.

‘अहो, पण ओव्हरकरंट ट्रिप होती ना?’ होती. पण शंटचा (करंट मोजायच्या रेझिस्टरचा) ॲम्प्लिफायर फक्त सुलटा करंट मोजायचा. उलटा करंट एडीसीला (मोजमापाचा आकडा करणाऱ्या भागाला) शून्यच दिसत होता. राखणदार पुढच्या दारात जागा आणि चोर परसातून आत!

उपाय सोपा आहे, पण क्रम चुकवू नका. आधी गेट बंद ठेवून बॅटरीचं व्होल्टेज मोजा. ते शून्य किंवा उलटं असेल तर पुढे जाऊच नका. मग कंट्रोलरच्या इंटिग्रेटरमध्ये (फरक साठवत जाणाऱ्या भागात) सुरुवातीची ड्यूटी भरा: ५० भागिले ८०, म्हणजे ०.६२५. त्यानंतर गेट चालू करा आणि रॅम्प द्या तो करंटच्या रेफरन्सला (हव्या असलेल्या करंटच्या आकड्याला), ड्यूटीला नाही. करंट नीट सुलटा होईपर्यंत खालचा मॉसफेट बंद ठेवून त्याचा डायोडच वापरला तर आणखी बरं. करंट सेन्स दोन्ही दिशांचा घ्या, त्यात काटकसर नको.

मॉडेलमध्येही तीच गफलत

कॉलेजच्या बहुतेक प्रोजेक्टमध्ये चार्जरच्या सिम्युलेशनला बॅटरीच्या जागी रेझिस्टर लावलेला असतो. संशोधक मिडलब्रुक आणि चुक यांनी १९७६ मध्ये मांडलेली सरासरी मॉडेलची पद्धत वापरायची (नाव चुक असलं तरी पद्धत बरोबर आहे), सगळं गणित नीट करायचं आणि शेवटी लोड म्हणून २.५ ओहम ठेवून द्यायचा. इथेच सगळं फसतं.

आकडे घालून बघा. ड्यूटी एक टक्क्याने हलली तर ८० व्होल्टच्या इनपुटवर सरासरी ०.८ व्होल्टचा फरक पडतो. २.५ ओहमवर त्याचा करंट होतो ०.३२ अँपिअर, कुणाच्या लक्षातही येणार नाही. आता चार बॅटऱ्या, वायर, इंडक्टरचं वाइंडिंग मिळून रेझिस्टन्स धरा ६० मिलिओहम. तोच ०.८ व्होल्ट आता १३ अँपिअर हलवतो! म्हणून नुसत्या व्होल्टेज लूपवर (व्होल्टेज मोजून ड्यूटी सुधारत राहण्यावर) बॅटरी चार्ज करू नका. आत वेगवान करंट लूप हवाच, व्होल्टेज लूप त्याच्या बाहेर आणि सावकाश.

एलसी (इंडक्टर-कपॅसिटर) फिल्टरचंही असंच. ४७ मायक्रोहेन्री आणि ४७० मायक्रोफॅरड म्हणजे रेझोनन्स जवळपास १.०७ किलोहर्ट्झला. रेझिस्टरवर तिथे उंच शिखर दिसतं आणि ते दाबायला आपण कंट्रोलर सुस्त करून टाकतो. बॅटरी जोडली की तिचा तो इवलासा रेझिस्टन्स कपॅसिटरला समांतर येतो आणि शिखर सपाट होतं. मधल्या फ्रिक्वेन्सीला ड्यूटीपासून करंटपर्यंतचा प्लांट नुसता इंडक्टरसारखा वागतो, इनपुट व्होल्टेज भागिले एसएल (एस लाप्लासचा, एल इंडक्टन्स). त्यावर साधा पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोलर छान बसतो. नसलेल्या रोगावर औषध देत बसलो होतो आम्ही, दीड महिना.

मायक्रोकंट्रोलर असेल तर उशीर मोजायला विसरू नका. एडीसी, गणित आणि पीडब्ल्यूएम (ड्यूटीचे पल्स काढणारा भाग) मिळून दीड चक्राचा उशीर धरला, तर स्विचिंगच्या दहाव्या भागावर क्रॉसओव्हर (लूपचा गेन एकवर येतो ती फ्रिक्वेन्सी) ठेवताना ५४ अंश फेज तिथेच जाते. करंटचा सॅम्पल स्विचिंगच्या कडेवर घेऊ नका, पल्सच्या मध्यावर घ्या. याहून जास्त यात सांगण्यासारखं नाही.

‘रातभर लावून ठेवतो, तरी भरत नाही’

रिक्षावाल्या दादांची ही तक्रार आली की पुष्कळजण चार्जर उघडून प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा स्क्रू) थोडा वर फिरवतात. फिरवू नका. आधी २० अँपिअर चालू असताना मीटरचे प्रोब चार्जरच्या टर्मिनलवर लावा, मग थेट बॅटरीच्या खांबांवर. आमच्याकडे आलेल्या एका गाडीत चार्जरवर ५७.६ होते आणि बॅटरीवर ५६.८. लीड लांब, कनेक्टर काळा पडलेला, मिळून ४० मिलिओहम. चार्जरला वाटतं बॅटरी भरत आली, तो लवकर सीसीतून (ठरलेला करंट) सीव्हीत (ठरलेलं व्होल्टेज) जातो आणि पुढे करंट उतरत राहतो. प्रीसेट वर नेला तर आणखी वाईट: शेवटी करंट कमी झाला की वायरमधला ड्रॉप नाहीसा होतो आणि वाढवलेलं सगळं व्होल्टेज बॅटरीच्या डोक्यावर बसतं. पाणी उडतं, प्लेटा जातात. कनेक्टर बदला, नाहीतर बॅटरीपर्यंत वेगळ्या सेन्स वायर न्या. सेन्स वायर तुटली तर चार्जर आंधळा होऊ नये म्हणून टर्मिनल आणि सेन्सच्या मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर ठेवा.

सीसीतून सीव्हीत जाताना करंट झटका देत असेल किंवा व्होल्टेज उसळत असेल, तर व्होल्टेजचा इंटिग्रेटर तासन्‌तास भरत बसलेला असतो. ज्या लूपच्या हातात सूत्रं नाहीत त्याचा इंटिग्रेटर धरून ठेवा.

तापमान मोजणारा एनटीसी कुठे आहे?

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो. लेड-ॲसिडला २५ अंशांच्या वर दर सेलमागे, दर अंशाला साधारण ४ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. २४ सेल, १८ अंश जास्त, म्हणजे १.७ व्होल्ट कमी. हे न केल्याने उन्हाळ्यात बॅटऱ्या उकळतात. पण एका बोर्डवर आम्ही एनटीसी बसवला तो चार्जरच्या आतच, हीटसिंकजवळ. तिथे तापमान ६५ अंश. चार्जरने इमानदारीने ३.८ व्होल्ट कापले आणि बॅटरी ५३.८ वरच थांबवली. दुखणं रेड्याला, औषध पखालीला! एनटीसी बॅटरीच्या अंगाला चिकटवा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक असेल तर ही कपात लावूच नका. १६ सेलना कमाल ५८.४ व्होल्ट, आणि बीएमएस (पॅकवर नजर ठेवणारं सर्किट) म्हणेल ते ऐका.

फिडरच्या शेवटच्या टोकाला

रब्बीत मोटारी चालू असताना डीपीपासून लांबच्या घरात १७० व्होल्टही दिसतात, आणि मोटारी बंद झाल्या की २६०-२७०. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) नसलेल्या चार्जरमध्ये ब्रिज रेक्टिफायरनंतरचा शिखर व्होल्टेज २४० पासून ३८० पर्यंत फिरतो, म्हणजे पहिल्या स्टेजचा लूप गेन दीडपटीहून जास्त बदलतो. २३० वर ट्यून करून मोकळे होऊ नका. फेज मार्जिन (लूप डोलायला लागण्याआधी उरलेली फेज) वरच्या टोकाला तपासा, किंवा इनपुटचा फीडफॉरवर्ड घ्या, म्हणजे इनपुट मोजून ड्यूटी लगेच बदला. खालच्या टोकाचा त्रास वेगळा. १,२०० वॉट ओढणारा चार्जर निव्वळ हिशोबाने २३० ला ५.२ अँपिअर घेतो, १७० ला ७. लाइट जितकी पडेल तितका तो जास्त ओढतो आणि आणखी पाडतो, मग इनपुट फिल्टर डोलायला लागतो, रिले टकटक करते. १८० च्या खाली चार्जिंग करंट आपोआप उतरवा. काही डिझायनरांना हा कमीपणा वाटतो, मला वाटत नाही.

आता आमच्याकडे कॉइल फक्त तापमानाच्या चाचणीला काढतात. नवा बोर्ड पहिल्यांदा जोडला जातो तो जुन्या, अर्ध्या मेलेल्या बॅटरीला, डीसी फ्यूज आणि एक ओहमच्या जाड रेझिस्टरमधून, आणि स्कोपचा ट्रिगर उलट्या करंटवर लावून.